दोघा भावांचा रिपोर्ट 'ग्रेड २ फॅटी लिव्हर'. जास्त धोका कुणाला?

कृष्णाकाठची (कराड):
आमचे हे माळकरी. वय ५१, सहा वर्षांपासून शुगर, दारूचा थेंब नाही. धाकटे दीर ४४ चे. रोज संध्याकाळी एक क्वार्टर, रविवारी दीड. पोटाचा घेर दोघांचा सारखाच, वडिलांवर गेलेत. गेल्या महिन्यात एकाच दिवशी दोघांची सोनोग्राफी केली. दोन्ही कागदांवर तीच ओळ.

आता घरात काय चाललंय बघा. दीर म्हणतात, "दादा पीत नाही तरी त्याचं तेच, मग मी सोडून काय मिळवू?" सासूबाई देवघरासमोर बसून डोळ्याला पदर लावतात, माझ्या माळकऱ्याला हे कसं झालं म्हणून. शेजारच्या बाई तर मला हळूच विचारून गेल्या, "चोरून घेतात का हो?" आणि यांनी कोलेस्टेरॉलची गोळी परस्पर बंद केलीय, लिव्हरला जड पडते असं दिंडीत कुणीतरी सांगितलं म्हणे.

मला सरळ सांगा, जिवाला धोका कुणाच्या जास्त? लिव्हरच्या रक्ततपासणीत यांचं एसजीओटी ४८, एसजीपीटी ६२, प्लेटलेट १ लाख ९८ हजार. दिरांचं ११२, ४९, १ लाख ४२ हजार.

स्लाइडवाले काका:
२८ वर्षं लॅबमध्ये काढली, डॉक्टर नाही, हे आधी सांगतो.

ताई, ग्रेडवर जाऊ नका. सोनोग्राफीचा ग्रेड म्हणजे पडद्यावर लिव्हर किती पांढरं दिसलं, एवढंच. आयुष्याचा हिशेब चरबीपेक्षा लिव्हरमध्ये व्रण किती साचलेत यावर ठरतो, त्याला फायब्रोसिस म्हणतात. त्याचा अंदाज घरबसल्या काढता येतो, फिब-४ म्हणून. वय गुणिले एसजीओटी करा. मग हजारातले प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ, आणि त्याने भागा. दिरांचं सोपं आहे, ४९ चं वर्गमूळ ७. ४९२८ भागिले ९९४, म्हणजे जवळजवळ ५. मिस्टरांचं १.५७ येतं. १.३ च्या खाली निवांत, २.६७ च्या वर लिव्हरच्या डॉक्टरांकडे, मधल्यांनी फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी, करून घ्यावा.

दिरांचं एसजीओटी एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त आहे. असा कागद टेबलावर आला की आम्ही पेशंट न बघता दारू ओळखायचो. अर्थात चालू दारूनेही ओटी फुगतं, त्यामुळे ५ म्हणजे सिरॉसिस, व्रणांची शेवटची पायरी, झालाच असं नाही. पण प्लेटलेट उतरलेत, ते मला आवडलं नाही.

एका क्वार्टरमध्ये साधारण ६० ग्रॅम अल्कोहोल. तुमच्या हिशेबाने आठवड्याला ४५०. २०२३ मध्ये या आजारांची नावं बदलली, तेव्हा पुरुषाचं ४२० च्या वर गेलं की सरळ दारूचा लिव्हर आजार धरायचं ठरलं. त्यात दिरांचं पोटही सुटलंय. दारू आणि पोट एकमेकांना हात देतात.

मिस्टर सुटले असं समजू नका हं. न पिणाऱ्या फॅटी लिव्हरवाल्यांना लिव्हरच्या आधी हृदय गाठतं. आणि नेमकी तीच गोळी त्यांनी बंद केली! फॅटी लिव्हर आहे एवढ्यावरून ती थांबवायचं कारण नसतं. उद्याच डॉक्टरांना विचारा.

हिरवाई:
रोज गुळवेलीचा काढा द्या, महिन्यात लिव्हर धुऊन निघेल.

स्लाइडवाले काका:
नको. कोरोनाच्या काळात गुळवेल घेऊन लिव्हरला सूज आलेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवलेत.

तिसरी_रात्र:
वहिनी, एक विनंती. दिरांची बाटली एकदम काढून घेऊ नका. मी जिद्दीने एकट्याने सोडली होती. पहिल्या दिवशी हात कापले, चहाची बशी धरवेना. तिसऱ्या रात्री भिंतीवरून मुंग्यांच्या रांगा चाललेल्या दिसल्या, मी बायकोला झाडू आण म्हणून ओरडत होतो. मग फिट आली. रोजचं पिणं असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडायची, गोळ्या आणि बी-१ व्हिटॅमिनची इंजेक्शनं घेत. आणि "दादाचं तेच" हे मला पाठ आहे. माझा 'दादा' म्हणजे आमचा शेजारी, ते निमित्तही नऊ वर्षं पुरलं.

कृष्णाकाठची:
काका, गोळीचं पाकीट पंचांगाच्या मागे सापडलं, आठ गोळ्या शिल्लक. डॉक्टर आधी यांच्यावर रागावले, मग गोळी सुरू केली, ईसीजी काढला, फायब्रोस्कॅन लिहून दिला. वजन ८४ आहे, आठ किलो उतरवायला सांगितलंय. आता एकादशीच्या साबुदाण्यावरून भांडण सुरू आहे.

दिरांना ५ चा आकडा लिहून दाखवला. काही बोलले नाहीत. नंतर ओट्यापाशी उभी असताना बघितलं, मोबाइलवर स्वतः भागाकार करत होते. तीनदा केला. शुक्रवारी लिव्हरच्या डॉक्टरांकडे जायला तयार झालेत, दादा बरोबर येणार असेल तर. शेजारच्या बाईंना काय सांगायचं ते अजून सुचलेलं नाही.