नुसत्या लिंका टाकणारा तो गृहस्थ मीच

गोदाकाठ
परवा जेलरोड यांनी इथे लिहिलं होतं : "आमच्या सकाळच्या फिरायच्या ग्रुपवर एक गृहस्थ उजाडायच्या आत सात-आठ लिंका ओततात. एक चिपची, एक अंतराळाची, एक दिल्लीच्या राजकारणाची, बाकी युक्रेन नाहीतर गाझा. सोबत स्वतःचं अक्षर नाही. मत नसलेल्या माणसाचा रतीब आहे हा. वाचलं असेल तर चार ओळी लिहा, नसेल तर टाकू नका. पेपर टाकणारा पोऱ्या निदान महिन्याचे पैसे तरी घेतो." खाली सहमत आणि +१ ची रांग.

नाव घेतलं नाही हे उपकारच. पण घाटावर पहाटे साडेपाचला युक्रेनच्या लिंका टाकणारा माझ्याशिवाय दुसरा कोण आहे?

तर ऐका. मी आधी चार ओळी लिहायचोच. फायबरवाल्या ड्रोनचा लेख टाकला होता. ड्रोन उडताना मागे केसासारखी बारीक काचेची तार सोडत जातो. सिग्नल हवेतून जातच नाही, म्हणून जॅमर लावून उपयोग नाही. मी वर एवढंच लिहिलं की 'रशियाने हे आधी मोठ्या प्रमाणावर जमवलं'. झालं! दिवसभर मी पुतिनचा माणूस. पुढच्या आठवड्यात युक्रेनच्या बाजूचं काही टाकलं, तर अमेरिकेचा. लेख उघडला एकाने. अंबडला मोटर वाइंडिंग करणारा आपल्यातलाच एक जण, त्याचा रात्री फोन : "एवढ्या वेगात तार सुटते, तर गुंता कसा होत नाही? आमच्याकडे बॉबिन जरा हलली की काम गेलं." पाऊण तास बोललो आम्ही, गुंडाळी कशी भरतात यावर. युद्धाचा विषयसुद्धा निघाला नाही.

चार ओळी लिहिल्या की लोक लेख सोडून माझ्याशी भांडतात. सावानाच्या, म्हणजे आपल्या सार्वजनिक वाचनालयाच्या, टेबलावर पेपर पसरलेले असतात. १८४० पासूनची संस्था, पण "आधी तुमचं मत सांगा, मग पेपर उघडा" असं तिथे कुणी अडवल्याचं ऐकलं नाही.

शुद्धलिही
'लिंका' हे काय आहे? मराठीत 'दुवा' हा छान शब्द आहे. अनेकवचन 'दुवे'.

सिडको_४था_सेक्टर
दुवा म्हटलं की लोक डोळे मिटून आमेन म्हणतील. हलके घ्या.

जेलरोड
सावानाच्या टेबलावर पेपर कोण ठेवतं? ग्रंथपाल. तो निवडतो आणि त्याला जबाबदार असतो. तुम्ही जबाबदार आहात का?

मी नाशिकरोडच्या नोटा छापायच्या प्रेसमध्ये चौतीस वर्षं काढली. नोव्हेंबर २०१६ आठवा. दोन हजारच्या नोटेत चिप आहे, जमिनीखाली १२० मीटर पुरली तरी उपग्रहाला दिसते, अशा लिंका घरोघरी. सोबत कुणी एक ओळ लिहिली नव्हती, नुसती लिंक. आता ती नोट छापलेली म्हैसूरकडे. आमच्याकडे पाचशेच्या कामात लोकांना जेवायला फुरसत नव्हती. पण मी नाशिकरोडचा प्रेसवाला, म्हणजे मला सगळं माहीत! एका लग्नात चुलत मेव्हण्याने मला मांडवाच्या मागे नेलं, मोबाइलच्या बॅटरीसमोर नोट धरली आणि सुरक्षा धाग्यावर नख ठेवून म्हणाला, "हीच ना?" नाही म्हटलं तर म्हणतो, "शपथ घातली असेल तुम्हाला, समजतो मी." तेव्हापासून नुसती लिंक दिसली की माझं डोकं फिरतं.

पिंपळगावचा_बाग
जेलरोड साहेब, तुमचा मेव्हणा वेडा म्हणून आम्ही बातम्या वाचायच्या नाहीत का?

नोव्हेंबर २०२३ मध्ये हुथींनी तांबड्या समुद्रात 'गॅलेक्सी लीडर' जहाज धरलं. याच गोदाकाठ भाऊंनी नुसती लिंक टाकली होती, वर एक शब्द नाही. मी उघडली कारण नकाशा होता. नकाशात ती चिंचोळी जागा पाहिली आणि म्हटलं, अरे, आपला रॉटरडॅमला जाणारा द्राक्षांचा माल इथूनच जातो की! डिसेंबरात मोठ्या कंपन्यांनी जहाजं सुएझऐवजी आफ्रिकेच्या केपला वळसा घालून न्यायला सुरुवात केली. दोनेक आठवडे जादा, भाडं वेगळंच. जानेवारीत व्यापारी बागेत आला तेव्हा मी त्यालाच विचारलं, "सुएझ का केप?" त्याचं तोंड बघण्यासारखं होतं. अर्धा माल मी लोकल मार्केटला काढला. जास्त दिवस टिकणार नाहीत असे घड जहाजात घालायचेच कशाला?

ज्यांना लिंका नको त्यांनी आवाज बंद करून ठेवावा. आमचं पोट त्यावर आहे.

सिडको_४था_सेक्टर
व्वा. म्हणजे युद्ध होऊ द्या, तुमची द्राक्षं वाचली पाहिजेत. आणि तुमचा लोकलला काढलेला माल आम्ही काय भावाने खाल्ला ते विचारू नका.

पिंपळगावचा_बाग
विचारतोच. किती दिले? आणि त्यातले माझ्या हातात किती आले ते मी सांगू का? शहरातल्यांना द्राक्ष महाग, कांदा महाग, मोबाइल मात्र स्वस्त वाटतो.

सिडको_४था_सेक्टर
कांद्याचं नाव काढलंत ते बरं केलंत. तेवढंच राहिलं होतं.

निफाड_२२
काढायलाच पाहिजे. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली, त्याच्या आदल्या रात्री कुठल्या लिंकेत होती ती? ऑगस्टमध्ये ४० टक्के शुल्क लावून झालंच होतं, मग ही. सकाळी ट्रॅक्टर भरून निघालो तर लिलाव बंद, चांदवडला रास्ता रोको. माझ्या ट्रॉलीत लाल कांदा. लाल कांदा उन्हाळसारखा चाळीत ठेवता येत नाही, कोंब येतात. बंदी उठली ४ मे २०२४ ला. माझा माल तोवर कुठे गेला असेल? हुथींची बातमी दीड महिना आधी मिळते आणि दिल्लीची मिळत नाही. गोदाकाठ, तुमच्या लिंकांत दिल्लीचं राजकारण असतं ना? त्यात हे कधी होतं?

गोदाकाठ
नव्हतं, कबूल. अधिसूचना रात्रीत निघते, लेख नंतर येतो.

सिडको_४था_सेक्टर
कांदा ऐंशी रुपये झाला की आमच्या घरी वाद होतात हो. आम्हीही माणसंच आहोत. पाचवीला पुजलेलं रडगाणं किती ऐकायचं?

निफाड_२२
दोन रुपये किलोने विकला तेव्हा तुमच्या घरी काय झालं? सण? त्याचा निकाल २०२४ च्या लोकसभेला दिंडोरीत लागला, सत्ताधारी पडले, बघितलं असेल.

पिंपळगावचा_बाग
सहमत. आणि 'रडगाणं' म्हणणाऱ्याने एकदा ऑक्टोबरच्या पावसात द्राक्षावर डाऊनी रोगाची फवारणी करून दाखवावी. पहाटे चारला.

शुद्धलिही
धाग्याचा काश्मीर झाला आहे. विषय दुव्यांचा होता.

ओझर_टाऊनशिप
मला बोलायचंय, कांद्यावर नाही.

मिस्टर एचएएलमध्ये, इथल्या विमान कारखान्यात. ७ मे २०२५ च्या ऑपरेशन सिंदूरनंतरच्या त्या रात्री आम्ही कशा काढल्या, आम्हाला माहीत. रात्री दीडला पुण्याच्या नणंदेचा फोन, "तुमच्याकडे काय दिसतंय?" काय दिसणार? पार्किंगमधला दिवा दिसतोय. चॅनलवर कराची बंदर गेलं, सकाळी बंदर जागेवर. 'आर्मा ३' नावाच्या व्हिडिओ गेममधली विमानं पाडल्याच्या क्लिपा खऱ्या म्हणून फिरत होत्या. लष्करी हालचाली थेट दाखवू नका असं सरकारने २६ एप्रिललाच बजावलं होतं, तरी आमच्याच ग्रुपवर "सुखोई उडताना दिसलं तर फोटो टाका" म्हणणारे होते. मी ग्रुप सोडला. युद्धाच्या लिंका म्हणजे सकाळच्या चहाबरोबरची खारी नाही, एवढंच.

साक्रीकर
ताईंशी सहमत. आता जरा जड लिहितो.

मी मूळचा धुळ्याच्या साक्री तालुक्यातला, गेली बारा वर्षं सातपूरला. १ जुलै २०१८, रविवार, राईनपाड्याचा आठवडे बाजार. सोलापूरकडून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण. मुलं पळवणारी टोळी समजून लोकांनी ग्रामपंचायतीच्या खोलीत त्यांना मारून टाकलं. त्याआधी पंधरा दिवस माझ्या स्वतःच्या मोबाइलवर तेच आलेलं होतं, आणि मी ते घरी पुढे पाठवलं होतं. बहिणीची मुलं लहान होती म्हणून. मी कुणाला मारलं नाही. पण पाठवलं होतं.

जेलरोड
हेच म्हणतोय मी कधीचा.

गोदाकाठ
साक्रीकर, तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल आदर. पण जेलरोड, हे तुमच्या बाजूचं नाही, माझ्या बाजूचं आहे. तेव्हा देशभर सगळ्यात जास्त फिरलेला मोटरसायकलवरून मूल उचलण्याचा व्हिडिओ कराचीतल्या एका जनजागृतीच्या फिल्मचा तुकडा होता. मूळ फिल्ममध्ये ते लोक मूल परत आणून देतात आणि पाटी दाखवतात. तेवढंच कुणीतरी कापलं. लिंक असती तर उघडून शेवटपर्यंत बघता आलं असतं. कापलेल्या तुकड्याला मूळ नसतं. त्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवायची मर्यादा घातली, ती फॉरवर्डवर. मी टाकतो त्याला पत्ता असतो, तारीख असते. या दोन गोष्टी एकाच पिशवीत घालू नका.

साक्रीकर
राईनपाड्यात हा फरक कुणाला समजावला असता तुम्ही?

ओझर_टाऊनशिप
आणि पत्ता-तारीखवाल्यांचं पुण्य सांगू? फेब्रुवारी २०२५, तुम्हीच टाकलेली लिंक : '२०२४ वायआर४' लघुग्रह, २२ डिसेंबर २०३२ ला आदळण्याची शक्यता ३.१ टक्के, पट्ट्यात अरबी समुद्र आणि दक्षिण आशिया. आमच्या सासूबाईंनी विचारलं, "हप्ते २०३४ पर्यंत आहेत ना गं? मग भरताय कशाला?" त्या महिन्यातच शक्यता जवळपास शून्यावर आली. ती लिंक टाकलीत?

गोदाकाठ
…नाही टाकली.

खरं म्हणजे त्यात गंमत होती. सुरुवातीला कक्षा नीट माहीत नसते, म्हणून तो कुठून जाईल याचा पट्टा लांबलचक असतो. निरीक्षणं वाढतात तसा पट्टा आखडतो. पृथ्वी अजून त्यात असेल तर टक्का वाढतो, आणि एक दिवस पृथ्वी पट्ट्याबाहेर पडली की धाडकन खाली. म्हणजे टक्का वाढत होता तेव्हाही घाबरायचं कारण नव्हतं. हे तेव्हा लिहायला हवं होतं.

जेलरोड
मोजा. किती ओळी झाल्या? एवढंच मागत होतो मी!

गोदाकाठ
बरं बाबा, जिंकलात. विज्ञानाच्या लिंकेला चार ओळी आणि नंतर काय झालं तेही. युद्धाच्या नुसत्याच टाकणार. पुतिनचा माणूस व्हायची माझी तयारी नाही.

पिंपळगावचा_बाग
तांबड्या समुद्राच्या टाकत चला. द्राक्षाच्या गोडी छाटणीपासून, म्हणजे फळासाठीच्या छाटणीपासून, मार्चअखेरपर्यंत रोज. बाकी वर्षभर तुम्ही काय करायचं ते करा.

निफाड_२२
आणि अधिसूचनांच्या. रात्री निघाल्या तर रात्री.

सिडको_४था_सेक्टर
मालक, पेपरच काढा मग. पहिल्या पानावर लासलगावचे भाव.

जेलरोड
ते जाऊ द्या. ती तारेच्या गुंडाळीची लिंक परत टाका. मी तेव्हा उघडली नव्हती.

गोदाकाठ
चार ओळींसकट?

जेलरोड
नुसती टाका. तुमच्या चाराच्या चाळीस होतात.

शुद्धलिही
नुसता टाका. दुवा पुल्लिंगी आहे.