संपाची नोटीस, समेटाची बैठक आणि हमीपत्र : सामान्य सभासदाचे हक्क काय? (मदत हवी आहे)

वेतनकराराची मुदत संपूनही नवा करार न झाल्याने आमच्या कारखान्यातील युनियनने संपाची नोटीस दिली आहे. मी साधा सभासद आहे, पदाधिकारी नाही. संपात उतरण्याची माझी तयारी आहे. परंतु माझ्या खात्यातील काही सहकारी निवृत्तीला आले आहेत आणि त्यांच्या शंकांना 'पुढचे पुढे बघू' यापलीकडे उत्तर मिळत नाही, हे मला योग्य वाटत नाही.

औद्योगिक संबंध संहिता, 2020 ही 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आहे. तिच्या कलम 62 नुसार नोटीस देण्याचे बंधन आता केवळ लोकोपयोगी सेवांपुरते राहिलेले नाही. नोटीस दिल्यापासून 14 दिवसांच्या आत संप करता येत नाही, तसेच समेटाची कार्यवाही (सरकारी अधिकाऱ्यापुढे वाद मिटवण्याची बोलणी) चालू असताना आणि ती संपल्यानंतर आणखी 7 दिवस संपाला मनाई आहे. नोटीस मिळाल्यावर समेट अधिकाऱ्याने पहिली बैठक घेतली, की त्या दिवसापासून ही कार्यवाही सुरू झाली असे धरले जाते. आमची खरी अडचण इथेच आहे. 14 दिवस पुरे होण्याआधीच बैठक लागली, तर नोटिशीत दिलेल्या तारखेचा संप आपोआप बेकायदेशीर ठरतो का? तारीख पुढे ढकलायची की नाही हे युनियन ठरवणार. पण बेकायदेशीर संपात भाग घेणाऱ्या कामगाराला 1,000 ते 10,000 रुपये दंड, एक महिन्यापर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा सांगितली आहे, म्हणून हा प्रश्न प्रत्येक सभासदाचा आहे.

संपकाळातील पगाराबाबत 1994 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मी वाचला आहे : संप कायदेशीर आणि समर्थनीय असा दोन्ही असेल, तरच पगार मागता येतो. त्याबद्दल मला शंका नाही.

शंका आहे ती हमीपत्राबद्दल. व्यवस्थापनाने आतापासूनच एक छापील कागद सह्यांसाठी फिरवायला सुरुवात केली असून, 'कोणत्याही बेकायदेशीर आंदोलनात सहभागी झाल्यास माझी सेवा समाप्त करण्यास माझी हरकत राहणार नाही' असे वाक्य त्यात आहे. कायदेशीर संपावर असलेल्या कामगाराला कामावर परत घेण्यासाठी चांगल्या वर्तणुकीच्या हमीपत्रावर सही करण्याची अट घालणे ही अनुचित कामगार प्रथा (कायद्याने मनाई केलेले वर्तन) मानली जाते. परंतु संप सुरू होण्यापूर्वीच असा आग्रह धरला तर हे संरक्षण मिळते का? आणि सही नाकारणाऱ्याला गेटवरच अडवले, तर ती त्याची गैरहजेरी समजायची की मालकाने केलेली टाळेबंदी? त्या दिवशी कामगाराने स्वतःजवळ कोणता लेखी पुरावा ठेवावा?

शेवटचा प्रश्न निवृत्तीला आलेल्यांचा आहे. समेट चालू असताना त्या वादाशी संबंधित गैरवर्तनाच्या कारणावरून लेखी परवानगीशिवाय कामगाराला बडतर्फ करता येत नाही, हे मला माहीत आहे. पण बडतर्फ न करता केवळ 'सेवेत खंड' (म्हणजे नोकरीची सलगता तुटली) असा आदेश काढला, तर ग्रॅच्युइटीसाठी धरल्या जाणाऱ्या सलग सेवेवर त्याचा परिणाम होतो का, आणि त्या आदेशाविरुद्ध कामगाराने एकट्याने दाद मागावी की युनियनमार्फतच जावे लागते? कामगार न्यायालयात प्रत्यक्ष काम केलेल्यांनी कलमांच्या आधारे उत्तर दिल्यास मी ते खात्यातील सर्वांना वाचून दाखवीन.