मदत हवी आहे: पॅकेट डंपमध्ये फक्त वेळ आहे, तारीख कशी द्यायची?

मंडळी, धुळ्याच्या शाखेतल्या राउटरमधून पॅकेट्सचा (नेटवर्कवरून जाणाऱ्या डेटाच्या तुकड्यांचा) हेक्स डंप, म्हणजे सोळा-आधारी आकड्यांतली नोंद, मजकूर स्वरूपात मिळतो. त्याची पीकॅप फाइल (पॅकेट्स साठवायचा फाइल-प्रकार) करून जळगावला टिपलेल्या पॅकेट्सशी वायरशार्क या पॅकेट तपासायच्या प्रोग्रॅममध्ये जुळवायची आहे. दोन्हीकडची घड्याळं एनटीपीवर (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याची पद्धत) आहेत.

डंपमधल्या प्रत्येक पॅकेटवर तास, मिनिट, सेकंद आणि पुढे ९ अपूर्णांक आकडे आहेत. तारीख नाही, टाइमझोन नाही. वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळ, भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे) आहे आणि राउटरच्या फर्मवेअरमध्ये (आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) ती बदलायची सोय नाही.

मजकुराच्या डंपची पीकॅप करणाऱ्या टेक्स्ट-टू-पीकॅप या वायरशार्कच्या साधनाच्या ‘टी’ पर्यायात वेळेचा नमुना (वेळ कशी लिहिली आहे ते) दिला. वेळ स्थानिक धरली गेल्याने सगळं साडेपाच तास मागे गेलं. लिनक्सवर टाइमझोन यूटीसी करून तोच आदेश दिला, तेव्हा तास बरोबर आले. एडिटकॅप या पीकॅप फाइल बदलायच्या साधनाने वेळ १९८०० सेकंद (साडेपाच तास) पुढे सरकवूनही तेच साधतं. खरी अडचण तारखेची आहे. ती नसल्याने फाइल बनवली त्या दिवसाचीच तारीख लागते. त्यात आमची गडबड होते नेमकी पहाटे साडेपाचला, म्हणजे यूटीसीच्या मध्यरात्री. त्यामुळे मध्यरात्रीनंतरच्या पॅकेट्सची वेळ आधीच्या पॅकेट्सच्याही मागची होऊन बसते. एडिटकॅप पूर्ण फाइल सरकवतं, अर्धी नाही.

डंप इथे टाकता येणार नाही, त्यात ग्राहकांचा डेटा आहे. शिवाय धुळ्याचं जुनं विश्लेषण साधन पीकॅप-एनजी (पीकॅपचा नवा प्रकार) वाचत नाही, मायक्रोसेकंदाची जुनी पीकॅपच लागते. माझ्याकडे मात्र नॅनोसेकंद टिकायला हवेत.

तर सुरुवातीची तारीख नमुन्यातच देऊन मध्यरात्रीनंतर ती आपोआप पुढे नेता येते का, की आधी स्क्रिप्टने प्रत्येक ओळीला तारीख जोडावीच लागेल? आणि नॅनोसेकंदाची फाइल ठेवून तिच्यावरूनच धुळ्यासाठी मायक्रोसेकंदाची प्रत काढली, तर पॅकेट्सचा क्रम तसाच राहील ना?