मदत हवी आहे : नजर गेलेल्या वडिलांना कानांनी ‘पाहता’ येतील असे चित्रपट सुचवा

नमस्कार मंडळी,

माझे वडील ७८ वर्षांचे आहेत. दृष्टिपटलाचा मधला, बारकावे टिपणारा जो भाग असतो, ज्याला मॅक्युला म्हणतात, तो त्यांच्या दोन्ही डोळ्यांत वयोमानाने झिजत गेला आणि गेल्या सहा महिन्यांत त्यांची समोरची नजर जवळजवळ गेली. कडेचे थोडे दिसते. त्यामुळे ते टीव्हीसमोर मान डावीकडे वळवून बसतात आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून पडद्यावरची हालचाल धरण्याचा प्रयत्न करतात. कोणीतरी हलले एवढे कळते, पण कोण हलले ते आवाज आल्याशिवाय कळत नाही. नोकरीत असताना बदली झाली की नव्या गावात आधी चित्रपटगृह कुठे आहे हे विचारणारा हा माणूस आता ‘मला रेडिओ पुरे’ म्हणतो, आणि ते त्यांना पुरत नाही हे मला घरात रोज दिसते.

म्हणून आम्ही दर शनिवारी जेवणानंतर एक चित्रपट लावू लागलो आहोत. मी शेजारी बसून पडद्यावर काय चालले आहे ते सांगतो. आतापर्यंत चार झाले. सूचना नेमक्या मिळाव्यात म्हणून या चार अनुभवांविषयी सविस्तर लिहितो.

पहिला ‘द डिसायपल’. चैतन्य ताम्हाणे यांचा हा चित्रपट संथ आहे, त्यामुळे मला धास्ती होती. पण चौघांत तोच सर्वांत चांगला पोहोचला. रात्रीच्या रिकाम्या मुंबईत शास्त्रीय गायन शिकणारा शरद मोटारसायकलवरून सावकाश जात असतो आणि त्याच्या कानात त्याच्या गुरूंच्या गुरू माई यांची व्याख्याने चालू असतात. त्या प्रसंगांत ‘रस्ता मोकळा आहे, दिवे मागे पडताहेत’ एवढे एकदाच सांगितले आणि मग मी गप्प राहिलो. माईंना आवाज सुमित्रा भावे यांचा आहे. बाबा त्या आवाजाला इतके चिकटून बसले होते की मध्येच दाराची घंटा वाजली तेव्हा ते चिडले. संगीताचा जुना जाणकार शरदला भेटतो तो प्रसंगही संपूर्ण संवादावर उभा आहे. शेवटी शरद पेला त्याच्या तोंडावर रिकामा करतो, तेवढे एक वाक्य मला सांगावे लागले. ते मी उशिरा सांगितले, ही माझी चूक.

दुसऱ्या शनिवारी अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’ लावला आणि मी सपशेल हरलो. दिग्दर्शक स्वतः उत्तम छायाचित्रकार असल्याने त्यातले बहुतेक सारे पावसाळी कोकणाच्या प्रकाशात, समुद्रात आणि गोष्टीतल्या मुलाच्या चेहऱ्यावर आहे. मित्र त्याला किल्ल्यात मागे सोडून निघून जातात तेव्हा तो पावसात एकटा सापडतो. तिथे संवाद जवळजवळ नाहीतच. मी भराभर बोलत सुटलो, ‘आता तो घाबरला आहे, आता तो रडवेला झाला आहे’ असे. बाबांनी हात वर करून मला थांबवले. म्हणाले, “घाबरलाय ते मला श्वासावरून कळतंय रे. तो उभा कुठे आहे ते सांग. भिंतीला टेकलाय की मधोमध आहे?” तेव्हापासून मी भावना सांगणे सोडले आणि जागा, अंतर, हात, पाठ एवढेच सांगू लागलो. माझ्या मते या सहा महिन्यांत मला मिळालेला हा सर्वांत मोलाचा धडा आहे, म्हणून इथे मुद्दाम नोंदवतो.

तिसरा ‘कोर्ट’. न्यायालयातले कामकाज ऐकून नीट कळते आणि लोकशाहिराच्या भूमिकेतले वीरा साथीदार गाऊ लागले की सांगण्यासारखे काही उरतच नाही. अडचण झाली ती भाषेची. त्यात मराठी, हिंदी, इंग्रजी आणि गुजराती अशा चार भाषा आहेत. कायद्याची इंग्रजी कलमे वेगाने वाचली जातात आणि बाबांना खालच्या ओळी दिसत नाहीत. मी त्या वाचायला लागलो की पुढचे वाक्य बुडायचे. (याच कारणाने परदेशी चित्रपट सध्या तरी बादच झाले आहेत. एरवी मी पहिल्यांदा तेच सुचवले असते.) शेवटाकडे सुट्टी लागते, न्यायालयाचे दिवे मालवले जातात आणि पडदा काळा होऊन तसाच राहतो. बाबा म्हणाले, “संपला वाटतं.” मी चित्रपटगृहात पाहिला होता तेव्हा मलाही नेमके तसेच वाटले होते, आणि शेजारची दोन माणसे तर उठून उभी राहिली होती. तेवढ्या क्षणापुरते आम्ही दोघे सारखेच प्रेक्षक होतो, हे मी त्यांना सांगितले, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

चौथा, प्रभातचा १९३६ सालचा ‘संत तुकाराम’. तो त्यांनी लहानपणापासून अनेकदा पाहिलेला आहे. आवाज जुना, खरखरीत. तरी तुकाराम झालेल्या पागनीसांचे गाणे आणि जिजाईचा फटकळपणा त्यांना लख्ख ऐकू येत होता. इथे मला काहीच सांगावे लागले नाही, उलट तेच मला सांगत होते. “आता गरुड येईल बघ,” असे ते म्हणाले आणि खरोखरच पुढच्या काही क्षणांत गरुड आला. डोळे धड असताना पाहिलेले चित्रपट त्यांना आठवणीतून दिसतात, ही गोष्ट माझ्या तोपर्यंत लक्षात आली नव्हती. पण नुसते जुनेच लावत राहिलो तर त्यांच्या वाट्याला नवे काही येणार नाही, आणि ते मला नको आहे.

तर माझी विनंती अशी. मराठी किंवा हिंदी, शक्यतो गेल्या वीस-पंचवीस वर्षांतले, संवाद आणि ध्वनी यांवर पेललेले चित्रपट सुचवावेत. गाण्यांचे कार्यक्रम किंवा नाटकांच्या ध्वनिफिती कृपया सुचवू नयेत; ते भरपूर ऐकून झाले आहे, त्यांना चित्रपटच हवा आहे. आपल्यापैकी कोणी घरातल्या अंध व्यक्तीला चित्रपट वर्णन करून सांगत असेल, तर कुठे बोलायचे आणि कुठे गप्प राहायचे हे कसे ठरवता, तेही लिहावे. माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने मार्च २०२४ मध्ये चित्रपटगृहांतल्या अशा प्रेक्षकांच्या सोयींविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत श्राव्यवर्णनाचा, म्हणजे पडद्यावर काय चालले आहे ते आवाजात सांगण्याचा, समावेश आहे. प्रत्यक्षात एखाद्या मराठी चित्रपटाचे श्राव्यवर्णन कोणी चित्रपटगृहात बसून ऐकले आहे का? आमच्या जवळच्या चित्रपटगृहात मी खिडकीवर चौकशी केली, तर तिथल्या मुलाला प्रश्नच कळला नाही.

एक प्रश्न मात्र अवघड आहे. बाबांनी स्वतःहून ‘श्वास’ लावायला सांगितले आहे. २००४ मध्ये आलेल्या त्या चित्रपटातल्या लहान मुलाचा जीव वाचवण्यासाठी त्याची दृष्टी घालवावी लागते आणि शस्त्रक्रियेपूर्वी आजोबा त्याला जग दाखवायला बाहेर घेऊन जातात, हे सर्वांना माहीत आहे. बाबांनाही ते माहीत आहे. आईचे म्हणणे आहे की लावू नये.

भर, मंगळवार : सर्व प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. चित्रपट आदल्या दिवशी एकट्याने पाहून संवादांमधल्या रिकाम्या जागा वहीत टिपून ठेवाव्यात, ही सूचना फार उपयोगाची आहे. काल रात्री ‘श्वास’ घेऊन तसाच बसलो. आजोबा आणि नातू शहरात फिरतात त्या भागापर्यंत वहीची पाच पाने भरली. तिथून पुढे मला जमले नाही. ज्यांनी हा चित्रपट अशा कोणासोबत पाहिला असेल, त्यांनी शनिवारच्या आत कृपया कळवावे, कारण आईची समजूत बाबांनी स्वतःच काढली आहे.