माळकरी वडील, होमोसिस्टीन ४१, बी-१२ कमी : मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार मंडळी,

वडिलांसाठी मदत हवी आहे. जरा सविस्तर लिहिते, म्हणजे सल्ला देणाऱ्याला अंदाज येईल.

आमचे नाना ६६ वर्षांचे, सातारा जिल्ह्यात गावी असतात. माळकरी आहेत. करोनाची दोन वर्षं सोडली तर वारी चुकलेली नाही. ११ वर्षांपासून साखर आहे, मेटफॉर्मिन चालू. गेल्या महिन्यात सकाळी ते सदऱ्याची बटणं लावत होते. दोन लागली, तिसऱ्याला उजवा हात अडला. बोटं बटणावरून नुसती फिरत होती, पकड येत नव्हती. आईला हाक मारायला गेले तर शब्द बोबडे. पंधरा-वीस मिनिटांत सगळं पूर्ववत झालं. आई म्हणते, अंगावरून वारं जाता जाता राहिलं. दादाने त्याच दिवशी त्यांना साताऱ्याला नेलं हे फार चांगलं केलं, कारण नाना "आता बरा आहे की" म्हणून शेताकडे निघाले होते.

डॉक्टरांनी टीआयए सांगितलं. मेंदूचा रक्तपुरवठा थोडा वेळ अडला आणि सुटला, पण ही मोठ्या झटक्याची सूचना समजा, असं स्पष्ट म्हणाले. अ‍ॅस्पिरिन, स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) आणि बीपीची गोळी सुरू आहे. त्या दिवशी बीपी १६८/९६ होतं. रक्ताच्या रिपोर्टमध्ये होमोसिस्टीन ४१ आलं (१५ च्या आत हवं) आणि बी-१२ फक्त १२६.

वाचून मला कळलं ते असं. प्रथिनांमधल्या मेथिओनिनपासून शरीरात होमोसिस्टीन तयार होतं. त्याचं परत मेथिओनिन करायला बी-१२ आणि फोलेट (गोळीतलं फोलिक अ‍ॅसिड) ही जीवनसत्त्वं लागतात. ते नसलं की होमोसिस्टीन रक्तात साठतं. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या गटाने २००६ साली पुणे आणि आसपासच्या ४४१ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात ६७ टक्क्यांचं बी-१२ कमी होतं आणि ५८ टक्क्यांचं होमोसिस्टीन १५ च्या वर. शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्क्यांचं बी-१२ कमी. म्हणजे नाना एकटे नाहीत. शिवाय मेटफॉर्मिनमुळे बी-१२ चं शोषणही घटतं, आणि अकरा वर्षांत ते तपासायचं कुणी सुचवलं नाही याचं मला वाईट वाटतं.

आता घरातली अडचण. डॉक्टरांनी बी-१२ च्या कॅप्सूल दिल्या. चौथ्या दिवशी नानांनी ती बोटांत दाबून विचारलं, "ह्याचं टरफल कशाचं असतं गं?" मी पाकीट वाचलं, जिलेटिन. जिलेटिन जनावराच्या हाडा-कातड्यापासून होतं हे मी त्यांना खरं ते सांगितलं. लपवणं मला जमलं नसतं. त्या दिवसापासून कॅप्सूल बंद. दादा म्हणतो, जिवावर बेतलंय तर अंडं तरी खा. नाना काही बोलले नाहीत, गळ्यातल्या माळेला हात लावून बसून राहिले. मला तो विषय परत काढायचा नाही.

त्यात एका नातेवाइकांनी टीएमएओचा निरोप पाठवला: अंड्यातल्या कोलीनपासून आतड्यातले जीवाणू एक पदार्थ बनवतात, यकृतात त्याचं टीएमएओ होतं आणि रक्तवाहिन्या खराब होतात. म्हणजे शाकाहारच उत्तम! क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांचं २०११ पासूनचं हे काम खरं आहे. पण २०१९ मध्ये ऑक्सफर्डच्या ४८ हजार लोकांवरच्या पाहणीत शाकाहारींना हृदयविकार मांसाहारींपेक्षा २२ टक्के कमी आढळला, तरी पक्षाघात २० टक्के जास्त होता, आणि त्याच्या संभाव्य कारणांत बी-१२ चाही उल्लेख होता. त्यामुळे नुसतं "शाकाहारी आहेत, काळजी नाही" म्हणून मी गप्प बसू शकत नाही.

मला विचारायचंय ते हे. आकडा खाली आणल्याने पुढचा झटका खरंच टळतो का? दूध-ताकावर बी-१२ भरून निघेल का? आणि ज्यांच्या घरी माळकरी माणसं आहेत त्यांनी हे कसं जमवलं? आणखी एक. रक्त घरी येऊन सकाळी ८ ला घेतलं, तो मुलगा ते पिशवीत घालून दुचाकीवरून आणखी चार गावं फिरला. रिपोर्टवर नमुना पोचल्याची वेळ दुपारी ३ ची आहे. त्याने फरक पडतो का?

प्रतिसाद

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. मी बरीच वर्षं प्रयोगशाळेत काम केलंय. फरक पडतो, आणि चांगलाच पडतो. नळीतल्या लाल पेशी होमोसिस्टीन बाहेर सोडत राहतात. नमुना बर्फात ठेवून तासाभरात प्लाझ्मा (रक्तातला पेशींशिवायचा द्रव) वेगळा करावा लागतो. सात तासांनंतरचा ४१ हा खरा ४१ नसेल. पण बी-१२ खरंच कमी आहे, त्यामुळे उपचार थांबवू नका. पुढची तपासणी लॅबमध्ये जाऊन उपाशीपोटी करा, सोबत क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि थायरॉइडही बघा. मूत्रपिंड किंवा थायरॉइडच्या बिघाडानेही होमोसिस्टीन वाढतं.

आकड्याबद्दल: २००६ च्या होप-२ या औषध-चाचणीत साडेपाच हजार रुग्णांपैकी निम्म्यांना फोलिक अ‍ॅसिड, बी-६ आणि बी-१२ दिलं, बाकीच्यांना औषध नसलेली गोळी. जीवनसत्त्वं घेणाऱ्यांत हृदयविकार घटला नाही, पक्षाघात सुमारे पाव भागाने घटला. तरीही मी बीपी आधी धरीन. १६८ चा आकडा ४१ पेक्षा जास्त भीतीदायक आहे. लोणचं, पापड, खर्डा किती होतो ते बघा.

दुधाचं म्हणाल तर १०० मिलीत अर्धा मायक्रोग्रॅमच्या आसपास बी-१२ असतं, रोजची गरज दोन-अडीचची. नुसत्या चहातल्या दुधाने भागणार नाही, आणि इतकी कमतरता असताना आहारावर विसंबूही नका. बी-१२ स्वतः जीवाणूंकडून आंबवून तयार करतात, अडचण फक्त टरफलाची आहे. डॉक्टरांना सांगून साधी गोळी किंवा इंजेक्शन घ्या. शोषण बिघडलं असलं तरी हजार मायक्रोग्रॅमच्या गोळीतलं थोडं बी-१२ रक्तात उतरतं. फक्त फोलिक अ‍ॅसिड एकटं सुरू करू नका, रक्त सुधारलेलं दिसतं आणि नसांचं नुकसान चालूच राहतं.

धागाकर्ती

खूप खूप आभार. आज डॉक्टरांशी बोलले. महिनाभर इंजेक्शन, मग गोळी. गावातल्या आरोग्यसेविका ताई घरी येऊन टोचायला तयार आहेत. बीपीचं यंत्र दादा उद्या घेऊन जातोय, सकाळ-संध्याकाळ आई वहीत लिहिणार. नानांना सांगितलं की हे जनावराचं नाही, जीवाणूंनी बनवलेलं आहे. त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि मग बाही वर केली.

पायांना मुंग्या येतात असं ते आत्ता बोलता बोलता म्हणाले, वर्षभर येतायत म्हणे. हे बी-१२ मुळे की साखरेमुळे, ते कसं ओळखतात?