लेस्टरमधलं बेटिंगचं दुकान: भाडेकराराची घाई नको

इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात बेटिंगचं, म्हणजे पैजा लावण्याचं दुकान काढायचंय आणि कौन्सिलचं (स्थानिक पालिकेचं) लायसन्स मिळालं की ते सुरू करता येईल, असं तुम्ही धरून चाललाय. तेवढ्याने होत नाही. २००५ च्या गॅम्बलिंग ॲक्टप्रमाणे गॅम्बलिंग कमिशनचं (जुगाराच्या धंद्यावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचं) ऑपरेटिंग, म्हणजे धंदा चालवण्याचं लायसन्सही लागतं. कौन्सिल देते ते फक्त जागेचं. शिवाय २०१५ पासून इंग्लंडमध्ये दुसऱ्या धंद्याचा गाळा घेऊन परस्पर बेटिंग सुरू करता येत नाही, वापर बदलण्याची प्लॅनिंग परवानगी वेगळी. हे सगळं हातात येण्याआधी भाडेकरारावर सही करू नका, कळकळीने सांगतो.

जुन्या दुकानदारांचे कमाईचे आकडे धरू नका. दुकानात जुगाराची जास्तीत जास्त चार मशीन. त्यांवर पूर्वी एका डावाला १०० पौंड लावता यायचे, एप्रिल २०१९ पासून मर्यादा २ पौंडांची आहे. पैजांमध्ये बक्षिसं देऊन जे उरतं त्यावर १५ टक्के ड्यूटी (सरकारी कर), ती वेगळीच.

मी अशा दुकानात काउंटरवर तीन वर्षं होतो. पगार झाला की त्याच दिवशी येणारी माणसं, संध्याकाळपर्यंत खिसा रिकामा. अशांशी वेळीच बोलणं, 'मला आत घेऊ नका' अशी स्वतःहून बंदी मागितलेल्याला दारातच ओळखणं ही परवानाधारकाची जबाबदारी असते. एकट्या माणसाला काउंटर सांभाळून ते जमत नाही. दुसऱ्या माणसाचा पगार तुमच्या हिशेबात धरलाय का?