मदत हवी आहे : एनसीसीचं पहिलं वर्ष, बूट आणि पुढे एसएसबी

नमस्कार मंडळी,

मी साताऱ्यात बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे. यंदा एनसीसीत निवड झाली. घरात फौजेतलं कुणीच नाही, म्हणून इथे विचारतेय.

आधी बुटांचं. परेडचे नवे काळे बूट टाचेला असे चावतात की मोजा काढताना कातडी सोबत येते. सिनियर म्हणते दोन मोजे घाल, आई म्हणते आतून खोबरेल तेल चोळ. नेमकं काय करू? दुसरं, उस्तादांनी (परेड शिकवणाऱ्यांनी) 'तेज चल' म्हटलं की उजव्या पायाबरोबर उजवाच हात पुढे जातो. सावकाश चालताना सगळं बरोबर येतं! आरशासमोर सराव करून काही फरक पडतो का?

आता मुद्द्याचं. एनसीसीच्या शेवटच्या, 'सी' सर्टिफिकेटला किमान 'बी' ग्रेड आणि पदवीला ५० टक्के असले, तर एनसीसीवाल्यांसाठीच्या स्पेशल एन्ट्रीतून सीडीएसची (फौजेत अधिकारी होण्यासाठीची) लेखी परीक्षा न देता एसएसबीला, म्हणजे अधिकारी निवडीच्या चाचण्या-मुलाखतीला, जाता येतं आणि निवड झाली की चेन्नईची ओटीए (अधिकाऱ्यांची प्रशिक्षण अकादमी), एवढं कळलंय. पण 'सी'च्या आधी 'बी' सर्टिफिकेट, त्यासाठी ७५ टक्के हजेरी, शिवाय कॅम्प. इकडे केमिस्ट्रीची प्रॅक्टिकल्स नेमकी परेडच्याच दिवशी. बाबांना तर हे सगळं खूळच वाटतं.

तुमच्यापैकी कुणी या वाटेने गेलं असेल तर सांगा: प्रॅक्टिकल आणि परेड कसं जमवलंत? आणि एसएसबीची तयारी, विशेषतः चित्र पाहून गोष्ट लिहिण्याची, आत्तापासून करावी की तिसऱ्या वर्षी?